72व्या मिनिटाचा बदली खेळाडू: आंगेल योर्दनेस्कू यांचं प्रकरण

7 मे 1986, स्पेनमधल्या सेव्हियातलं रामोन सांचेझ पिझहुआन स्टेडियम. युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्याची 72 मिनिटं उलटली होती आणि बार्सिलोना विरुद्ध स्टेआवा बुखारेस्ट हा सामना 0-0 असा अडकला होता. स्टेआवाचे प्रशिक्षक एमेरिक येनेई यांनी मधल्या फळीतल्या लुचियान बलानला बाहेर बोलावलं. त्याच्या जागी जो माणूस मैदानात उतरला त्याला तीनच दिवसांपूर्वी 36वं वर्ष पूर्ण झालं होतं. त्या मोसमात त्याचं खरं काम येनेईंच्या शेजारी बाकावर बसण्याचं होतं. तो संघाचा सहायक प्रशिक्षक होता. नाव आंगेल योर्दनेस्कू.

त्या काळी अशा सामन्यात पाच राखीव खेळाडूंची नावं देता येत, पण मैदानात उतरवता येत फक्त दोन. म्हणजे क्लबच्या इतिहासातल्या सगळ्यांत मोठ्या रात्री हातातल्या दोन बदलांपैकी एक येनेईंनी आपल्या मदतनिसावर खर्च केला. सामना बरोबरीत होता, जादा वेळ समोर दिसत होती आणि बाकावर तरणे पाय उपलब्ध होते. तरीही.

हा निर्णय मला रोमानियन फुटबॉलमधला सगळ्यांत बोलका निर्णय वाटतो. पुढे योर्दनेस्कू स्वतः मोठे प्रशिक्षक झाले, त्यांनी क्लबला आणखी एका युरोपियन अंतिम सामन्यापर्यंत नेलं, देशाला विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत नेलं. हे सगळं करताना त्यांनी जो विचार वापरला तो त्या 48 मिनिटांत (नियमित वेळेतली उरलेली 18 आणि जादा वेळेतली 30) मैदानावर जसाच्या तसा दिसला होता. तो विचार कुठे कामी आला आणि कुठे त्याच विचारानं दगा दिला, हे तपासायचं तर सुरुवात सेव्हियापासूनच करावी लागते.

तो बदल कशासाठी होता

आधी योर्दनेस्कू खेळाडू म्हणून काय होते ते पाहू. जन्म 4 मे 1950, याश या मोल्दाव्हियाच्या बाजूच्या शहरात. 1968 मध्ये ते स्टेआवात आले आणि 1982 पर्यंत तिथेच राहिले. लीगमध्ये 300 हून अधिक सामने आणि 146 गोल ही त्यांची तिथली कमाई. 1976 आणि 1978 मध्ये ते विजेत्या संघात होते, आणि 1981-82 च्या मोसमात 20 गोल करून लीगमधले सर्वाधिक गोल करणारे खेळाडू ठरले. त्यानंतर ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या ओएफआय क्लबकडून दोन मोसम. 1984 मध्ये परतले तेव्हा खेळणं जवळजवळ संपलेलं होतं आणि प्रशिक्षकपद सुरू होत होतं. नाव मात्र खेळाडूंच्या यादीत ठेवलेलं होतं.

येनेईंची अडचण काय होती? कर्णधार तुदोरेल स्तोइका निलंबित होता. चेंडू पायाशी ठेवून खेळाचा वेग कमी-जास्त करणारा हा माणूस नसल्यामुळे मधली फळी एका अनुभवी डोक्यानं कमी झाली होती. लास्लो बोलोनी होता, पण दोन तास एकट्यानं ते ओझं वाहणं अवघड. शिवाय समोरची परिस्थिती एकतर्फी होती. सामना स्पेनमध्ये, स्टेडियम बार्सिलोनाच्या पाठीराख्यांनी भरलेलं, रोमानियातून आलेले मूठभर. बार्सिलोनानं हा चषक तोवर एकदाही जिंकलेला नव्हता, त्यामुळे गर्दीची अपेक्षा जबरदस्त होती. हीच गर्दी गोल न पडणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक बार्सिलोनाच्याच खेळाडूंच्या छातीवर बसत गेली. 85व्या मिनिटाला बार्सिलोनाचे प्रशिक्षक टेरी व्हेनेबल्स यांनी बर्न्ड शुस्टरला बाहेर काढलं तेव्हा तो इतका संतापला की सामना संपायची वाट न पाहता स्टेडियमच सोडून गेला. दोन्ही बाकांवरची मनःस्थिती यावरून कळते.

अशा वेळी स्टेआवाला गोलापेक्षा वेळ हवी होती. चेंडू आपल्याकडे राहिला तर समोरच्याला गोल करता येत नाही, आणि प्रेक्षक जितके चिडतील तितकं बरं. त्यासाठी पळणारा माणूस नको होता. चेंडू अंगावर आल्यावर न घाबरणारा, दोन पावलं मागे घेऊन सोपा पास देणारा आणि गरज पडली तर मैदानातूनच तरुणांना जागेवर उभं करणारा माणूस हवा होता. योर्दनेस्कू यांनी नेमकं तेच केलं. त्या सामन्यातली त्यांची एकही झळकदार चाल कुणाच्या आठवणीत नाही, आणि हेच त्यांच्या कामाचं प्रमाणपत्र.

सामना पेनल्टींवर गेला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. माझारू आणि बोलोनी या स्टेआवाच्या पहिल्या दोघांच्या किक बार्सिलोनाचा गोलरक्षक उरुती यानं अडवल्या. पण हेल्मुट डुकादामनं अलेशांको, पेद्राझा, पिची आलोन्सो आणि मार्कोस अशा चौघांच्याही अडवल्या. पहिल्या तीनदा तो उजवीकडे झेपावला, चौथ्यांदा डावीकडे. मधे मारियस लकतुशनं आडव्या खांबाच्या खालच्या कडेला आपटून चेंडू आत घातला आणि गावरिल बालिंटनं दुसरा गोल केला. 2-0. पूर्व युरोपातल्या क्लबनं हा चषक जिंकण्याची ती पहिली वेळ. चौथ्या फेरीतच निकाल लागल्यामुळे योर्दनेस्कू यांच्यावर किक घ्यायची वेळ आलीच नाही.

इथे एक आक्षेप रास्त आहे: सगळं श्रेय डुकादामच्या हातांचं, बदलाचा त्यात काय वाटा? डुकादाम नसता तर आज हा बदल येनेईंची घोडचूक म्हणून सांगितला गेला असता, हे मला मान्य आहे. पण सामना पेनल्टींपर्यंत पोहोचवणं ही वेगळी कामगिरी आहे. बार्सिलोनाच्या मैदानावरल्या माणसांना, त्यांच्याच देशात, 120 मिनिटं एकही गोल करू न देणं हे नशिबानं होत नाही. बचावात मिओद्राग बेलोदेदिच होता. तो चेंडू उडवून लावण्याऐवजी पायात घेऊन बाहेर येई आणि मधल्या फळीला देई. अशा बचावपटूपुढे पास घ्यायला सतत मोकळा राहणारा माणूस असला की दाब आपोआप सैल होतो. हे त्या संघाचं तंत्र होतं.

लष्कराचा क्लब आणि सत्तेची सावली

स्टेआवाची गोष्ट फक्त फुटबॉलची म्हणून सांगणं अप्रामाणिक ठरेल. 1947 मध्ये स्थापन झालेला हा सैन्याचा क्लब. शहरातला दुसरा मोठा क्लब दिनामो, तो गृह खात्याचा, म्हणजे ओघानंच सेक्युरिताते या गुप्त पोलिसांच्या वर्तुळातला. हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कू यांचा थोरला मुलगा वालेंतिन स्टेआवाचा आश्रयदाता होता. त्या काळात रोमानियाच्या सरकारी दूरचित्रवाणीचं प्रक्षेपण दिवसाला जेमतेम दोन तासांवर आणलेलं होतं, वीज आणि अन्न दोन्हींचं रेशनिंग होतं. सेव्हियाच्या विजयानंतर बुखारेस्टच्या रस्त्यांवर लोक आपणहून उतरले. सरकारनं न भरवलेला असा जमाव त्या देशात फार क्वचित दिसे.

त्या वर्षी येनेई राष्ट्रीय संघाकडे गेले आणि क्लब योर्दनेस्कू यांच्या हाती आला. काही महिन्यांपूर्वी जो बदली खेळाडू होता तो आता युरोपच्या विजेत्या संघाचा मुख्य प्रशिक्षक. डिसेंबरमध्ये टोकियोत आंतरखंडीय चषकात रिव्हर प्लेटकडून 1-0 अशी हार झाली. फेब्रुवारी 1987 मध्ये मोनॅकोत युरोपियन सुपर चषकात दिनामो किएव्हवर 1-0 असा विजय मिळाला, आणि तो गोल केला गेओर्गे हाजीनं. हाजी तोवर स्पोर्तुल स्तुदेन्त्सेस्क या क्लबचा. त्याला त्या एका सामन्यापुरतं आणलं होतं. सामना झाला, हाजी परत गेलाच नाही. क्लबनं त्याला ठेवून घेतलं आणि ते चालून गेलं.

1986 ते 1989 या काळात स्टेआवा लीगमध्ये सलग 104 सामने अपराजित राहिला. यातला बहुतेक काळ योर्दनेस्कू यांचा. 1987, 1988, 1989 अशी तीन लीग विजेतेपदं ओळीनं. हा आकडा मी जसाच्या तसा कधीच स्वीकारत नाही. संघ उत्तम होता यात शंका नाही, पण देशातला कोणताही खेळाडू हवा तेव्हा उचलता येत होता आणि पंचांना कुणाच्या मुलासमोर आपण शिट्टी वाजवतो आहोत हे ठाऊक होतं. 1988 च्या रोमानियन चषकाच्या अंतिम सामन्यात हे उघडं पडलं. दिनामोविरुद्ध 1-1 असताना अखेरच्या क्षणी बालिंटचा गोल ऑफसाइड म्हणून नाकारला गेला. स्टेआवाचे खेळाडू मैदान सोडून निघून गेले. खूण वालेंतिन चाउशेस्कूनं प्रेक्षागृहातून केली असं सांगितलं जातं. मैदान सोडणारा संघ हरतो हा कुठल्याही गल्लीतला नियम, पण महासंघानं नंतर चषक स्टेआवालाच दिला. 1989 च्या क्रांतीनंतर स्टेआवानं तो नाकारला, आणि दिनामोनंही घेतला नाही. त्या दिवशी दिनामोच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून मिर्चा लुचेस्कू बसले होते.

मग योर्दनेस्कू यांचं श्रेय किती? माझं उत्तर युरोपातल्या सामन्यांवरून आहे, कारण तिथे वालेंतिन चाउशेस्कूची खूण चालत नव्हती. 1988 मध्ये युरोपियन चषकाची उपांत्य फेरी, बेन्फिकाकडून हार. 1989 मध्ये थेट अंतिम सामना. तीन वर्षांपूर्वी ज्यानं एका अंतिम सामन्यात खेळाडू म्हणून पाय टाकला, तो आता त्याच क्लबला प्रशिक्षक म्हणून दुसऱ्या अंतिम सामन्यात घेऊन आला. बार्सिलोनाच्या कांप नोऊ स्टेडियमवर एसी मिलाननं त्यांना 4-0 असं धुतलं. खुलित दोन, व्हान बास्तन दोन. बेलोदेदिच तेव्हा संघात उरला नव्हता. 1988 मध्ये तो युगोस्लाव्हियात पळून गेला होता आणि मायदेशात त्याला गैरहजेरीत 10 वर्षांची शिक्षा सुनावली गेली होती.

मिलानविरुद्धचा पराभव मला महत्त्वाचा वाटतो, कारण सेव्हियाच्या तंत्राची मर्यादा तिथे पहिल्यांदा ठळक दिसली. चेंडू ठेवून थांबण्याचं तंत्र समोरचा संघ वाट पाहत असेल तोवरच चालतं. प्रशिक्षक साक्कींचं मिलान वाट पाहत नव्हतं. ते वरच्या अंगाला येऊन चेंडू हिसकावत होतं. स्टेआवाला श्वास घ्यायला जागाच मिळाली नाही, आणि मध्यंतरापूर्वीच सामना हातातून गेला होता.

कार्डिफ, पासादिना, स्टॅनफोर्ड

1990 ते 1992 सायप्रसमध्ये अनोर्थोसिस क्लब, मग परत स्टेआवा आणि 1993 चं विजेतेपद. या काळाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही.

जून 1993 मध्ये कोशित्सेत चेकोस्लोव्हाकियाच्या संघानं विश्वचषकाच्या पात्रता फेरीत रोमानियाला 5-2 असं हरवलं. प्रशिक्षक कोर्नेल दिनू यांना जावं लागलं आणि योर्दनेस्कू आले. उरलेले तिन्ही सामने त्यांनी जिंकले. शेवटचा 17 नोव्हेंबर 1993 रोजी कार्डिफ आर्म्स पार्कवर वेल्सविरुद्ध. हाजीनं लांबून मारलेल्या गोलावर आघाडी, डीन सॉन्डर्सची बरोबरी, आणि लगेच वेल्सला पेनल्टी. पॉल बोडिनची किक आडव्या खांबावर आदळली. वेल्सचे लोक आजही त्या आवाजाबद्दल बोलतात. वीसेक मिनिटांनी फ्लोरिन रदुचोयूनं गोल करून 2-1 केलं. ती किक दोन बोटं खाली असती तर योर्दनेस्कू यांचं नाव आज पात्रता फेरीत घसरलेल्या एका तात्पुरत्या प्रशिक्षकाचं नाव म्हणून राहिलं असतं.

1994 च्या अमेरिकेतल्या विश्वचषकात हा संघ वेगळाच दिसला. पासादिनाच्या रोझ बोलवर कोलंबियावर 3-1, त्यात हाजीचा डाव्या कडेवरून गोलरक्षकाच्या डोक्यावरून टाकलेला तो अविश्वसनीय चेंडू. कोलंबियाला अनेकांनी विजेतेपदाचा दावेदार ठरवलं होतं. पुढच्या सामन्यात स्वित्झर्लंडकडून 4-1 अशी हार झाली. मग यजमान अमेरिकेवर 1-0. आणि 3 जुलैला अर्जेंटिनाविरुद्धचा बाद फेरीचा सामना, जो माझ्या मते योर्दनेस्कू यांची प्रशिक्षक म्हणून सर्वोत्तम दुपार होती.

अडचण ही की रदुचोयू निलंबित. संघातला एकमेव खरा स्ट्रायकर तोच. रीत अशी की त्याच्या जागी दुसरा स्ट्रायकर घ्यायचा. योर्दनेस्कू यांनी तसं केलं नाही. मधल्या फळीतल्या इल्ये दुमित्रेस्कूला पुढे ढकललं आणि हाजीला त्याच्या मागे मोकळं सोडलं. अर्जेंटिनाकडे माराडोना नव्हता. एफेड्रिन या बंदी असलेल्या उत्तेजकाच्या चाचणीनंतर तो स्पर्धेबाहेर गेला होता. तरी बातिस्तुता, बाल्बो, रेदोंदो, ओर्तेगा होते. चेंडू बहुतेक वेळ अर्जेंटिनाकडेच राहिला. रोमानिया मागे बसला आणि चेंडू हिसकावला की दोन-तीन पासांत समोरच्या गोलपर्यंत पोहोचत राहिला. पहिल्या 18 मिनिटांत दुमित्रेस्कूचे दोन गोल. पहिला बाजूच्या फ्री किकवर, दुसरा हाजीनं बचाव फाडून दिलेल्या पासवर. 58व्या मिनिटाला हिशेब उलटा झाला: दुमित्रेस्कूनं पास दिला, हाजीनं तिसरा गोल केला. 3-2 असा तो सामना संपला.

सेव्हियाशी याचं नातं उघड आहे. तोच संयम, तेच मागे थांबणं. फरक इतकाच की आता थांबण्याच्या शेवटी घाव घालायला हाजी होता. 1986 च्या स्टेआवाकडे त्या दर्जाचा माणूस नव्हता, म्हणून ते पेनल्टींची वाट पाहत राहिले.

एक आठवड्यानं स्टॅनफोर्डमध्ये स्वीडन. 78व्या मिनिटाला तोमास ब्रोलिननं फ्री किकवरच्या एका हुशार चालीतून गोल केला, 88व्या मिनिटाला रदुचोयूनं बरोबरी साधली. जादा वेळेत 101व्या मिनिटाला पुन्हा रदुचोयू, 2-1. लगेच स्वीडनचा श्टेफान श्वार्झ लाल कार्ड पाहून बाहेर. दहा माणसांच्या संघाविरुद्ध आघाडी, आणि उपांत्य फेरीला जेमतेम 18 मिनिटं बाकी.

मला इथे योर्दनेस्कू यांच्यावर ठपका ठेवावासा वाटतो. एक माणूस जास्त असताना चेंडू स्वतःकडे ठेवून समोरच्यांना पळवत ठेवणं हेच सेव्हियाचं शिक्षण होतं. त्याऐवजी संघ आपल्या गोलपुढे गोळा झाला आणि स्वीडनला उंच चेंडू टाकायला मोकळीक मिळाली. 115व्या मिनिटाला केनेत आंदेरसननं गोलरक्षक फ्लोरिन प्रुनियाच्याही वर उडी घेऊन हेडर मारला. 2-2. इतक्या उंच माणसाला उंच चेंडू मिळू देणं ही साधी चूक आहे, आणि ती फक्त प्रुनियाची नाही. उन्हात दोन तास पळालेल्या संघाचे पाय गेले होते, हे त्यांच्या बाजूनं म्हणता येईल. अशा वेळी मधल्या फळीत पाऊल टाकून खेळ शांत करणारा एक माणूस लागतो. 1986 मध्ये येनेईंनी तो शोधून काढला होता. 1994 मध्ये योर्दनेस्कू यांच्या बाकावर तसा कुणी उभा राहिला नाही.

पेनल्टींमध्ये स्वीडनची पहिलीच किक बारच्या वर गेली. तरी पेत्रेस्कूची स्वीडनचा गोलरक्षक रावेल्ली यानं अडवली, आणि सहाव्या फेरीत बेलोदेदिचचीही. तोच बेलोदेदिच, जो सेव्हियात होता, जो 1991 मध्ये बारी शहरात रेड स्टार बेलग्रेडकडून पेनल्टीवर गोल मारून दुसऱ्यांदा युरोपियन चषक जिंकला होता. रोमानिया बाहेर.

आघाडी, पण मिनिटभर कमी

पुढची दोन दशकं एकाच साच्यात ओतल्यासारखी वाटतात. 1996 च्या युरो स्पर्धेत तिन्ही सामने हरले, एकूण एक गोल. 1998 च्या विश्वचषकासाठी पात्रता फेरीत दहापैकी नऊ सामने जिंकले, एक बरोबरीत. फ्रान्समध्ये कोलंबियावर 1-0, इंग्लंडवर 2-1 आणि गटात पहिलं स्थान. ट्युनिशियाविरुद्ध खेळाडूंनी केस पिवळे रंगवून मैदानात पाऊल टाकलं, आणि पैज हरलेल्या योर्दनेस्कू यांनी डोकं तासून घेतलं. देवभोळे, गंभीर, बाकावर क्रूस आणि छोट्या मूर्तिचित्रांना हात लावणारे हे गृहस्थ एवढ्या थट्टेला तयार झाले हे त्यांच्या खेळाडूंशी असलेल्या नात्याचं खूप चांगलं चिन्ह आहे. खेळाडू त्यांना ‘तात्ता पुयू’ म्हणत. बाद फेरीत क्रोएशियाच्या शूकरच्या पेनल्टीनं 1-0 असा पराभव झाला. ती किकही पंचांनी पुन्हा घ्यायला लावली होती.

नंतर ग्रीसचा राष्ट्रीय संघ, सौदी अरेबियात अल हिलाल आणि अल इत्तिहाद. अल हिलालसोबत आशियाई क्लब विजेतेपद, अल इत्तिहादसोबत 2005 ची एएफसी चॅम्पियन्स लीग. युरोपात याची दखल फारशी घेतली जात नाही, पण दोन वेगळ्या क्लबांना आशियाचा चषक मिळवून देणं हे काही किरकोळ काम नाही.

राष्ट्रीय संघाकडे दुसऱ्यांदा आले ते 2002 मध्ये. युरो 2004 च्या पात्रता फेरीत सप्टेंबर 2003 मध्ये कोपनहेगनला रोमानिया 2-1 असा पुढे होता. 90 मिनिटं संपली, पाच मिनिटं वाढीव. अगदी पाचव्या मिनिटाला मार्टिन लॉर्सननं बरोबरी केली. त्या गटात डेन्मार्क 15 गुणांवर पहिला, नॉर्वे आणि रोमानिया प्रत्येकी 14. तो गोल झाला नसता तर रोमानियाचे 16 गुण झाले असते आणि ते थेट पोर्तुगालला गेले असते. नेहमीप्रमाणे दोष गोलरक्षक, पंच, वाढीव वेळ यांच्यावर वाटला गेला. मला मात्र स्टॅनफोर्ड आठवतं: पुढे असताना मागे सरकण्याची तीच सवय.

तिसरी खेप 2014 ते 2016. या वेळी त्यांच्याआधी पद सोडून गेला तो व्हिक्टर पित्सुर्क, म्हणजे सेव्हियातला स्टेआवाचा स्ट्रायकर. (त्या एका ड्रेसिंग रूममधून किती प्रशिक्षक बाहेर पडले: बोलोनीनं स्पोर्टिंग लिस्बनला पोर्तुगालचं विजेतेपद मिळवून दिलं आणि क्रिस्तियानो रोनाल्दो नावाच्या पोराला पहिल्यांदा मुख्य संघात खेळवलं, स्तोइका, लकतुश, बालिंट हेही बाकावर बसले.) युरो 2016 च्या पात्रता फेरीत रोमानिया दहा सामन्यांत अपराजित राहिला, पाच विजय आणि पाच बरोबरी, गोल खाल्ले फक्त 2. बचावाचे हे आकडे त्या फेरीतल्या कुठल्याही संघाला हेवा वाटावा असे होते.

पण हाजी नव्हता. त्याच्या जागी कुणीच नव्हतं. 10 जून 2016 ला पॅरिसजवळ सेंट-डेनिसमध्ये स्पर्धेच्या उद्घाटनाच्या सामन्यात यजमान फ्रान्सला त्यांनी 1-1 असं रोखून धरलं होतं, आणि 89व्या मिनिटाला दिमित्री पायेतनं डाव्या पायानं वरच्या कोपऱ्यात चेंडू टाकला. स्वित्झर्लंडशी 1-1. मग अल्बानियाविरुद्ध जिंकण्याशिवाय पर्याय नव्हता आणि इथे या पद्धतीचं दिवाळं निघालं. स्पर्धेतले रोमानियाचे दोन्ही गोल पेनल्टीवर, दोन्ही बोग्दान स्तांकूचे. चालू खेळातून एकही नाही. अल्बानियाच्या अर्मांदो सादिकूनं मध्यंतराआधी हेडरनं गोल केला. अल्बानियाचा मोठ्या स्पर्धेतला तो पहिला गोल आणि पहिला विजय. रोमानिया गटात तळाला, योर्दनेस्कू यांनी पद सोडलं.

त्यांच्यावर टीका करणारे म्हणतात की हा माणूस कायम घाबरून खेळवत असे. मला हे अर्धंच बरोबर वाटतं. अर्जेंटिनाविरुद्ध स्ट्रायकरशिवाय उतरणारा माणूस घाबरट नसतो. त्यांची खरी अडचण ही की त्यांच्या पद्धतीला दोन टोकं लागत: मागे बेलोदेदिचसारखा चेंडू खेळवणारा बचावपटू आणि पुढे हाजीसारखा घाव घालणारा. 1994 मध्ये ही दोन्ही टोकं हाती होती. 1989 मध्ये मागचं टोक निसटलं होतं, 2016 मध्ये पुढचं. मधलं थांबणं तेवढं त्यांच्याकडे कायम राहिलं, कारण ते त्यांना स्वतःला येत होतं.

त्यांचा मुलगा एदुआर्द योर्दनेस्कू 2022 मध्ये राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. युरो 2024 मध्ये त्याच्या संघानं पहिल्याच सामन्यात युक्रेनवर 3-0 असा हल्ला केला. मग बेल्जियमकडून हार, आणि स्लोव्हाकियाविरुद्ध, जिथे बरोबरी दोघांनाही पुरेशी होती, 1-1. चारही संघांचे 4 गुण झाले आणि रोमानिया गटात पहिला आला. बाद फेरीत नेदरलँड्सकडून 3-0 अशी हार झाली. त्या उन्हाळ्यात एदुआर्दनं पद सोडलं, आणि महासंघानं त्याच्या जागी 79 वर्षांच्या मिर्चा लुचेस्कू यांना बोलावलं, 1988 च्या त्या न सुटलेल्या चषकाच्या दिवशी त्याच्या वडिलांसमोर दिनामोच्या बाकावर बसलेल्या माणसाला.